एम-२१० वरचा ट्रिप्टोफॅन आणि नको तिथे आलेले ३ पिकोसेकंद

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका जीवभौतिकी प्रयोगशाळेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचं हे प्रकरण. संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मी तिच्या सल्लागार समितीवर बाहेरचा सदस्य होतो. वह्या, मोजमापं आणि बैठकांची टिपणं त्या नात्याने माझ्यासमोर आली.

विषय प्रकाशसंश्लेषणातल्या अगदी पहिल्या क्षणाचा. प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन एका रेणूवरून सुटून दुसऱ्यावर जातो, मागे धनभार राहतो. हे भार वेगळे होणं भोवतीच्या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं तर कसं आणि किती बिघडतं, हा तिचा प्रश्न. वनस्पतींमधली यंत्रणा फार गुंतागुंतीची, त्यामुळे या प्रश्नावरचं बरंच काम जांभळ्या जीवाणूंवर झालंय. त्यातला सगळ्यांचा लाडका म्हणजे रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस. हा पाणी फोडत नाही, ऑक्सिजन सोडत नाही, पण त्याचं अभिक्रिया केंद्र लहान आणि आटोपशीर आहे. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'आरसी' म्हणतात, इथेही तेच वापरतो.

आरसीत एल, एम आणि एच अशा तीन प्रथिनसाखळ्या असतात. त्यांच्या पोटात चार बॅक्टेरिओक्लोरोफिल आणि दोन बॅक्टेरिओफिओफायटिन हे रंगरेणू, इलेक्ट्रॉन स्वीकारणारे दोन क्विनोन आणि एक लोहाचा अणू. याच्या भावकीतल्या एका जीवाणूच्या आरसीची रचना १९८५ मध्ये अणूंच्या पातळीवर उलगडली आणि त्याबद्दल योहान डायझेनहोफर, रॉबर्ट हुबर आणि हार्टमुट मिशेल यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या रचनेतून एक कोडं समोर आलं. वाड्याला दोन्ही अंगांना हुबेहूब सारखे जिने असावेत आणि घरातली सगळी माणसं पिढ्यान् पिढ्या एकाच जिन्याने ये-जा करत असावीत, तसं इथे होतं. रेणूंच्या दोन शाखा जवळजवळ आरशातल्या प्रतिबिंबासारख्या, पण इलेक्ट्रॉन जातो तो जवळजवळ नेहमी 'ए' शाखेनेच.

प्रवासाचा वेगही पाहण्यासारखा. दोन बॅक्टेरिओक्लोरोफिलांची 'विशेष जोडी' ८६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश घेऊन उत्तेजित होते. साधारण ३ पिकोसेकंदांत इलेक्ट्रॉन शेजारच्या बॅक्टेरिओक्लोरोफिलवर जातो, तिथून सुमारे १ पिकोसेकंदात बॅक्टेरिओफिओफायटिनवर, आणि मग २०० पिकोसेकंदांत पहिल्या क्विनोनवर. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांशाचा दशलक्षांश. शोषलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रकाशकणामागे भार वेगळे होतात. आणखी एक विलक्षण गोष्ट म्हणजे आरसी थंड केली की पहिलं पाऊल मंदावत नाही, उलट वेगाने पडतं. दहा केल्विनच्या आसपास ते १.२ पिकोसेकंदांवर येतं.

एम साखळीतलं २१० क्रमांकाचं टायरोसिन या पहिल्या पावलाच्या अगदी कडेला बसलेलं आहे. विशेष जोडी, शेजारचा बॅक्टेरिओक्लोरोफिल आणि बॅक्टेरिओफिओफायटिन, तिघांच्याही जवळ. दुसऱ्या शाखेत त्याच्या जोडीच्या जागी, एल-१८१ वर, फेनिलॲलॅनिन आहे. फरक एका हायड्रॉक्सिल गटाचा. त्या गटाचं द्विध्रुव शेजारच्या बॅक्टेरिओक्लोरोफिलवर आलेल्या ऋणभाराला सावरून धरतं, अशी समजूत आहे. टायरोसिन काढून तिथे ट्रिप्टोफॅन बसवला तर पहिलं पाऊल दहापटीहून जास्त मंदावतं आणि ४० पिकोसेकंदांच्या घरात जातं, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. थंड केल्यावर तर ते आणखी मंदावतं, म्हणजे मूळ आरसीच्या बरोबर उलटं.

विद्यार्थिनीला हे उत्परिवर्तन तयार करून घ्यायचं होतं आणि त्यावर पुढे दुसरे बदल चढवायचे होते. म्हणजे ट्रिप्टोफॅनचा नमुना हा पाया होता. त्यात नवीन काही सापडेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

पहिला निर्णय: शेकर बंद, बाटल्या उजेडात

या जीवाणूची एक सोय आहे. त्याला अंधारात, थोडक्या हवेवर वाढवलं तर तो श्वसनावर जगतो, पण ऑक्सिजन कमी पडल्यामुळे प्रकाशसंश्लेषणाची सगळी यंत्रणा तरीही बांधून ठेवतो. वापरत नाही, नुसती बांधतो. आरसी अर्धीमुर्धी किंवा पूर्ण निकामी असली तरी जीवाणूचं काही अडत नाही. उत्परिवर्तनांवर काम करणारे लोक म्हणूनच अंधारातली वाढ पसंत करतात.

अशा वाढीसाठी जीवाणू हलवत ठेवणाऱ्या शेकरची मोटर एप्रिलमध्ये गेली. दुरुस्तीची तारीख पुढे पुढे जात राहिली. मुंबईतल्या लेसर प्रयोगशाळेचा मिळालेला स्लॉट मात्र हलणारा नव्हता, तो हुकला असता तर पुढचा पावसाळ्यानंतर. तीन पर्याय होते. थांबायचं, शेजारच्या विभागाचा शेकर मागायचा, पण त्यावर यीस्टवाल्यांची रांग लागलेली, किंवा झाकणापर्यंत भरलेल्या बाटल्या दिव्यांसमोर ठेवून जीवाणू प्रकाशावर वाढवायचा.

तिसरा पर्याय निवडला गेला. पांढऱ्या एलईडीतून या जीवाणूला हवा असलेला अवरक्त प्रकाश जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे जुने तारेचे पिवळे दिवे शोधावे लागले. तपकीर गल्लीत एका दुकानदाराने माळ्यावरून ते काढून दिले, वर "आता हे कोण नेतं?" असंही विचारलं. बाटल्या तापू नयेत म्हणून काचेच्या टाकीत पाणी भरून त्यात उभ्या केल्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की दिवे विझायचे, टाकी गार व्हायची, दुपारनंतर पुन्हा सुरू. वाढ झकास झाली. जीवाणूंचा गाळ गर्द जांभळट तपकिरी रंगाचा, भरपूर.

त्या वेळी जे माहीत होतं ते धरून पाहिलं तर हा निर्णय मला आजही अवाजवी वाटत नाही. उत्परिवर्तित जीवाणू उजेडात वाढला यात संशयास्पदही काही नव्हतं. उत्तेजित विशेष जोडी भार वेगळे न करता नुसती शमायला काही शे पिकोसेकंद लागतात. पहिलं पाऊल ४० पिकोसेकंदांचं झालं तरी बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन निसटतोच. जीवाणूला थोडा तोटा होतो, उपासमार होत नाही.

अडचण: एका नमुन्यात दोन वेग

शुद्ध केलेली आरसी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून शिवनेरीने मुंबईला गेली. मोजमाप नेहमीच्या पद्धतीचं: क्षणिक लेसर स्पंदाने विशेष जोडी उत्तेजित करायची आणि ९२० नॅनोमीटरजवळचं तिचं उत्सर्जन किती वेळात विझतं ते पाहायचं.

विझण्याच्या आलेखाला एक घातांक, म्हणजे विझण्याचा एकच वेग, पुरेना, दोन लागले. एक भाग ४० पिकोसेकंदांच्या आसपासचा, अपेक्षेप्रमाणे. दुसरा ३ पिकोसेकंदांच्या अगदी जवळचा आणि दुर्लक्ष करता येणार नाही इतका मोठा.

विद्यार्थिनीने त्याच रात्री मॅडमना, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांना, आलेख पाठवला. मॅडमचं उत्तर वहीत चिकटवलेलं आहे: "अगं, हे खरं असेल तर फार मोठं आहे. आधी झोप काढ, मग बोलू."

मोठं का, तर ट्रिप्टोफॅनची बाजूची साखळी दोन वेगळ्या ढबींत बसत असेल आणि एका ढबीत पहिलं पाऊल मूळच्याच वेगाने पडत असेल, तर एम-२१० च्या हायड्रॉक्सिलबद्दलचं सगळं स्पष्टीकरण पुन्हा मांडावं लागलं असतं.

दुसरा निर्णय: तीन अर्थ, तिन्ही पटण्यासारखे

समितीच्या बैठकीत तीन शक्यता फळ्यावर लिहिल्या गेल्या.

पहिली, वर सांगितलेली दोन ढबींची. तिच्या विरोधात एक गोष्ट होती. या उत्परिवर्तित आरसीची एक्स-रे रचना २००० मध्येच आलेली आहे. त्यात ट्रिप्टोफॅनच्या गर्दीमुळे शेजारचा बॅक्टेरिओक्लोरोफिल किंचित कललेला दिसतो, पण दोन ढबींचा पुरावा म्हणावं असं काही तिथे नाही. अर्थात स्फटिकात जे गोठलेलं दिसतं तेच द्रावणात असतं असं नाही, आणि मॅडमनी ते बरोबर दाखवून दिलं.

दुसरी शक्यता प्रथिनाच्या हालचालीची. मूळ आरसीतही उत्सर्जन काटेकोरपणे एका घातांकाने विझत नाही. ॲरिझोनातल्या संशोधकांनी २००७ मध्ये सायन्समध्ये दाखवलं की वेगवेगळ्या उत्परिवर्तनांचे असे वाकडे आलेख प्रथिनाच्या एकाच प्रकारच्या हालचालीने समजावता येतात. इलेक्ट्रॉन वाट पाहतो ती प्रथिन सरकण्याची. तसं असेल तर 'दोन वेग' ही फक्त आपण आलेखावर लादलेली सोय.

तिसरी शक्यता फारशी शोभिवंत नव्हती: नमुन्यात मूळ आरसी मिसळलेली असणं.

विद्यार्थिनीकडे सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचल्याचा, अहवाल होता, स्वच्छ. मी तो मागून पाहिला तेव्हा कळलं की तो ई. कोलायमधल्या प्लाझ्मिडचा, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्याचा, आहे, म्हणजे रोडोबॅक्टरमध्ये घालण्याआधीचा. ज्या बाटलीतून प्रथिन काढलं त्या बाटलीतल्या डीएनएचा कुठलाच कागद नव्हता. यात तिचा निष्काळजीपणा नाही. ही सवय मी कितीतरी प्रयोगशाळांत पाहिली आहे: अहवाल असतो, पण तो वेगळ्याच टप्प्यावरचा.

इथे एम-२१० चा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. काही उत्परिवर्तनं रंगातच दिसतात. एम-२०२ वरचं हिस्टिडिन काढून ल्युसिन घातलं तर विशेष जोडीतल्या एका रेणूचं मॅग्नेशियम जातं आणि ८६५ चा पट्टा ओळखू येणार नाही इतका बदलतो. एम-२१४ वर ल्युसिनऐवजी हिस्टिडिन घातलं तर बॅक्टेरिओफिओफायटिनच्या जागी बॅक्टेरिओक्लोरोफिलच येऊन बसतो. अशा नमुन्यात मूळ आरसी घुसली तर साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर चुगली करतो. एम-२१० वर ट्रिप्टोफॅन असलेली आरसी आणि मूळ आरसी क्युव्हेटमध्ये शेजारी ठेवल्या, तर रोजच्या शोषणवर्णपटावरून भेसळ पकडणं जवळजवळ अशक्य. ओळख पटते ती पिकोसेकंदांतच, आणि तिथेच तर अर्थ लावायचा होता.

कुठली चाचणी आधी?

यावर बराच वाद झाला.

एका सदस्याचं म्हणणं, नमुना थंड करून पुन्हा मोजा. मूळ आरसी वेगवान होईल, ट्रिप्टोफॅनवाली मंदावेल, दोन्ही भाग फाकतील. चाचणी सुंदर, पण तिने प्रश्न सुटत नव्हता. ट्रिप्टोफॅनच्या एखाद्या ढबीतही पहिलं पाऊल थंडीत वेगवान होऊ शकतं. शिवाय लेसरचा स्लॉट नव्हता.

दुसरा मार्ग वस्तुमान मोजण्याचा. टायरोसिनच्या जागी ट्रिप्टोफॅन आला की साखळी २३ डाल्टनने जड होते. एम साखळी आहे सुमारे ३४ हजार डाल्टनची. आणि नमुन्यात सोडियम चिकटला तर वस्तुमान वाढतं २२ ने! पेशीच्या पटलातल्या चिकट प्रथिनाचे रुंद शिखर, त्यात २२ की २३ हे ठरवायचं, म्हणजे डोकेदुखी. प्रथिन एंझाइमने तोडून त्या तुकड्यापुरतं पाहता आलं असतं, पण पटलात बुडालेले तुकडे सहज हाती लागत नाहीत.

तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त. ज्या गाळातून आरसी काढली त्यातलाच उरलेला चिमूटभर गाळ उणे ८० च्या फ्रीझरमध्ये होता. त्यातून थेट तो जनुकाचा तुकडा वाढवायचा आणि वाचून घ्यायचा.

मॅडमना आधी ते नको होतं. "मिसळ असती तर वाढीतच कळलं असतं," असं त्यांचं म्हणणं. त्यांना थोडं गणित करून दाखवावं लागलं. समजा उजेडात मूळ जीवाणू ३ तासांत दुप्पट होतो आणि उत्परिवर्तित ३.३ तासांत. फरक कुणाच्या नजरेत येणार नाही. १६५ तासांत पहिला ५५ वेळा दुप्पट होतो, दुसरा ५० वेळा. म्हणजे मूळ जीवाणूचं प्रमाण ३२ पटींनी वाढतं. सुरुवातीला शंभरात एक असलेला शेवटी जवळजवळ चारात एक होतो. बाटलीतून बाटलीत थोडं थोडं घालत वाढवत नेलं की इतक्या पिढ्या सहज होतात. अंधारात श्वसनावर वाढताना हा फरक पडण्याचं कारणच उरत नाही.

गणित फळ्यावर असतानाच प्रयोगशाळा सांभाळणारे काका चहा घेऊन आले. त्यांनी एक फोटो दाखवला, टाकी गळत होती म्हणून तक्रारीसाठी काढलेला. त्यात मूळ आणि उत्परिवर्तित अशा दोन्ही जातींच्या बाटल्या एकाच पाण्यात उभ्या होत्या आणि दोन झाकणांवरची मार्करची नावं पुसट झालेली.

"ताई, मी तेव्हाच म्हटलं होतं नावं परत लिहा," काका म्हणाले.

सिक्वेन्सिंग करायचं ठरलं.

काय निघालं

टायरोसिनचे कोडॉन, म्हणजे जनुकातले तीन अक्षरी संकेत, दोन: टीएटी आणि टीएसी. ट्रिप्टोफॅनचा एकच, टीजीजी. सिक्वेन्सिंगच्या आलेखात त्या जागेआधीची सगळी शिखरं एकेरी, नीटस. एम-२१० च्या दुसऱ्या अक्षरावर हिरव्या आणि काळ्या रेषा एकावर एक चढलेल्या: ए आणि जी दोन्ही. तिसऱ्या अक्षरावर पुन्हा दुहेरी शिखर. पुढे परत सगळं एकेरी. छोट्या शिखराचं प्रमाण आणि लेसरच्या आलेखातल्या ३ पिकोसेकंदांच्या भागाचं प्रमाण साधारण जुळत होतं. सिक्वेन्सिंगच्या शिखरांवरून अचूक प्रमाण काढता येत नाही, तेव्हा 'साधारण' हाच शब्द बरा.

उत्परिवर्तन आपणहून मागे फिरलं असेल का, हाही प्रश्न आला. टीजीजीपासून टायरोसिनच्या कुठल्याही कोडॉनला जायचं तर दोन अक्षरं बदलावी लागतात. एकाच वेळी दोन्ही बदलण्याची शक्यता नगण्य. फेनिलॲलॅनिनचं उत्परिवर्तन असतं तर गोष्ट वेगळी: टीटीटी किंवा टीटीसीपासून टायरोसिन एकाच अक्षरावर आहे. ग्लिसरॉल स्टॉकमधून, म्हणजे गोठवून ठेवलेल्या मूळ साठ्यातून, काढलेल्या कॉलन्या सगळ्या शुद्ध निघाल्या. म्हणजे मिसळ स्टॉकनंतर, बाटल्यांच्या काळात झाली. नेमकी कधी ते ठरवता आलं नाही, कारण मूळ आणि उत्परिवर्तित दोन्ही जनुकं एकाच प्लाझ्मिडवर, एकाच टेट्रासायक्लिनच्या आधाराने ठेवलेली. प्रतिजैविक दोघांनाही सारखंच मोकळं सोडत होतं. शिवाय टेट्रासायक्लिन उजेडात टिकत नाही.

तिसरा निर्णय: वजाबाकी की पुन्हा सुरुवात

आता हातात बरंच मोजमाप होतं आणि भेसळीचं प्रमाणही अंदाजे कळलं होतं. मूळ आरसीचा आलेख वेगळा मोजलेला होताच. तेवढा भाग वजा करून उरलेला ट्रिप्टोफॅनचा आलेख म्हणून वापरावा, असा प्रस्ताव आला. बराच वेळ वाचला असता.

मी विरोध केला आणि मॅडमही याच बाजूच्या निघाल्या. अडचण तत्त्वाची कमी, व्यवहाराची जास्त होती. दुसरी शक्यता, म्हणजे प्रथिनाच्या हालचालीमुळे आलेख वाकडा असणं, अजून जिवंत होती. तिचा ठसा आलेखाच्या याच सुरुवातीच्या भागात असणार होता. भेसळीचं प्रमाण अंदाजे धरून तो भाग वजा केला असता तर जे शोधायचं तेच पुसलं गेलं असतं किंवा नसलेलं काही उभं राहिलं असतं.

एका कॉलनीपासून पुन्हा सुरुवात झाली. तोवर शेकर दुरुस्त झाला होता. वाढ अंधारात, प्रत्येक गाळाचा थोडा भाग फ्रीझरमध्ये बाजूला, आणि आरसी शुद्ध करायला घेण्याआधी त्याच भागाचं सिक्वेन्सिंग. लेसरचा पुढचा स्लॉट दिवाळीनंतर मिळाला.

परिणाम

३ पिकोसेकंदांचा ठळक भाग गेला. आलेख तरीही एका घातांकात बसला नाही. तो दहा-वीस पिकोसेकंदांपासून पुढे पसरलेला आहे आणि प्रथिनाच्या हालचालीच्या चौकटीत बऱ्यापैकी बसतो. दोन ढबींचा लेख निघाला नाही. विद्यार्थिनीचा प्रबंध एका सत्राने लांबला. पुढचे दुहेरी बदल मात्र आता खात्रीच्या पायावर चालू आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

शेकर बंद पडला तेव्हा उजेडात वाढवायचंच होतं, तर प्रत्येक बाटली थेट ग्लिसरॉल स्टॉकमधून सुरू करता आली असती. बाटलीतून बाटलीत नेण्याची साखळी तुटली असती आणि पिढ्या कमी झाल्या असत्या. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवूनही प्रकरण बहुधा घडलं नसतं.

दुसरं, जनुक मुळात रचतानाच मूळ जातीच्या प्लाझ्मिडमध्ये अमिनो आम्ल न बदलणारं एखादं अक्षर खूण म्हणून बदलून ठेवता येतं. खर्च जवळजवळ शून्य. तसं केलं असतं तर टायरोसिन कुठून आलं हे त्याच आलेखात वाचता आलं असतं. नव्या मालिकेत हे केलंय, आणि जिथे निवड आहे तिथे मूळ कोडॉनपासून किमान दोन अक्षरं लांबचा कोडॉन घेतलाय.

मुंबईला जाताना मूळ आरसी आणि उत्परिवर्तित आरसी यांची मुद्दाम केलेली मिसळ, नाव न सांगता, सोबत द्यावी असंही मी सुचवलं होतं. ती मोजली गेली असती तर दोन घातांकांचा आलेख भेसळीत कसा दिसतो हे आधीच कळलं असतं. स्लॉटचे तास मोजके असल्याने मॅडमना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, गाळाचं सिक्वेन्सिंग असताना लेसरचा वेळ त्यावर का घालवायचा. पहिल्या खेपेचे आलेख प्रबंधाच्या परिशिष्टात टाकायचे की नाही यावरही आमचं एकमत नाही. विद्यार्थिनीने ते टाकायचं ठरवलंय, कोडॉनच्या दुहेरी शिखरांच्या चित्रासकट.